तिकीट मंजूषाचं, व्हिसा शोभाचा

हॉलंडातल्या नीउ-व्हेनेप गावच्या मंजूषा केतकरच्या हातून आजवर एक कागद हरवला नव्हता. वीस वर्षांची टॅक्सची पत्रं, सायकलींच्या पावत्या, सगळं फायलीत. नवरा राजन स्वतःचे मोजेसुद्धा तिला विचारून शोधायचा. अशा बाईवर कागदांनीच सूड उगवावा, याला काय म्हणायचं!

घोळ झाला होता अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मिरजेला, लग्नाच्या मांडवात. माहेरची ती शोभा हरिहर दातार. सासरच्यांना 'शोभा' जुनाट वाटलं, म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मंजूषा' लिहिलं, पेढे वाटले, झालं. भारतीय पासपोर्टही त्याच नावाचा निघाला. इथं आल्यावर मात्र खेमेंटेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, जन्मदाखला मागितला. त्यावर शोभा, म्हणजे शोभा! आमच्याकडे लग्नात नाव बदलतात, असं तिनं तीनदा समजावलं. टेबलापलीकडची बाई गोड हसली आणि तिनं शोभाच लिहिलं.

गेल्या वर्षी डच पासपोर्ट आला, तोही शोभा दातारचा. भारताला दोन नागरिकत्वं चालत नाहीत, तेव्हा जुना पासपोर्ट वकिलातीत दिला. तो कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत आला. राहिलं ओसीआय कार्ड. ते मिळालं की भारतात कधीही जा-ये करता येते. पण तो अर्ज दोनदा परत आला. शोभा आणि मंजूषा एकच बाई कशावरून? "अहो, मी स्वतः सांगतेय ना!" ती फोनवर ओरडली. तिच्या सांगण्याला विचारतो कोण?

आणि नेमकं तेव्हाच आईनं अंथरूण धरलं. लीलावतीबाईंच्या किडन्या गेल्या, मग फुप्फुसात पाणी झालं. भाऊ आशुतोष मिरजेच्या हॉस्पिटलातून रोज फोन करायचा. "ताई, दारात नर्स आली तरी आई विचारते, शोभा आली का?" तिनं तातडीनं ई-व्हिसाचा अर्ज टाकला. तीन दिवस ती तासातासाला मेल उघडून बघत होती. चौथ्या दिवशी सकाळी व्हिसा आला, राजननं त्याच दुपारचं तिकीट काढलं आणि दोघं स्किपोल विमानतळावर धावले.

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिली, पुन्हा पासपोर्ट पाहिला. "तिकीट मंजूषा केतकरचं आहे. पासपोर्ट आणि व्हिसा शोभा दातारचा."

अठ्ठावीस वर्षं ज्या नावानं हाक मारली, तेच राजननं घाईत टाइप केलं होतं. त्याच्यावर ओरडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. बॅग उपसून तिनं कोपरा कापलेला पासपोर्ट काढला आणि दोन्ही शेजारी मांडले. "ही मीच. आणि ही पण मीच. फोटो बघा ना!"

"दिसतंय मला, मॅडम," मुलगी खरंच कळवळून म्हणाली. "पण अख्खं नाव बदलता येत नाही. नवं तिकीट काढावं लागेल, आणि हे विमान भरलंय. उद्या दुपारी जागा आहे."

तिनं हात जोडले. इंग्रजीत विनवलं, डचमध्ये विनवलं, शेवटी मराठीतच रडली. आई जातेय हो माझी! वरिष्ठ आला, त्यानंही मान हलवली. मागची रांग बाजूच्या काउंटरकडे सरकली.

तेवढ्यात आशुतोषचा फोन. "ताई, बसलीस का? डॉक्टर म्हणतात, आजची रात्र कठीण आहे. आईच्या कानाशी फोन धरतो, बोल."

खरं सांगायचं तरी कसं? "आई, मी गं. विमानात बसले बघ."

पलीकडे नुसती घरघर. मग आईचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी शांत. "निघालीस? बरं झालं बाई. मग मी जरा डोळे मिटते."

क्षणभर मंजूषाला हायसं वाटलं. पण क्षणभरच. आई इतके दिवस कशाच्या बळावर जागी होती, हे तिला आत्ता कळलं.

"आई, झोपू नकोस! मी इथंच आहे गं, खोटं बोलले मी! आई!" सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला.

"हळू, ताई," आशुतोष म्हणाला. फोन त्याच्या हातात होता. "झोपली ती. पाच दिवसांत पहिल्यांदा डोळा लागलाय तिचा. आता उठवू नकोस."