भरलेला हातबॉम्ब
रत्नागिरीचे मुख्तार परकार आखाती देशातल्या गुदैबियात घड्याळं दुरुस्त करत आणि हौसेने महायुद्धातले रिकामे जपानी हातबॉम्ब जमवत. जवळच्या अदलियातल्या जुन्या वस्तूंच्या ओळखीच्या विक्रेत्याने त्यांना दुकानात आणखी एक दाखवला. “अंदर से खाली है, भाईसाब,” असं तो न विचारताच दोनदा म्हणाला, तेव्हाच मुख्तारना संशय आला. बॉम्ब नेहमीपेक्षा जड लागला, पितळी टोपीभोवतीचा रंग ताजा दिसला. त्यांनी तो अलगद खाली ठेवला आणि बाहेर येऊन पोलिसांना कळवलं. बॉम्ब भरलेला निघाला.

घरी बायको अकीलाने कपाटातल्या हातबॉम्बांकडे बघत विचारलं, “आणि हे कुणाकडून घेतलेत?”

“त्याच्याकडूनच,” मुख्तार पुटपुटले.

दोघं अनवाणीच खाली धावली. पोलिसांच्या तपासणीत ते सगळे रिकामे निघाले, तरी मुख्तारनी एकही परत घेतला नाही.