अर्धा स्वर खाली

चष्म्याच्या दुकानातल्या या माणसाला लोक भोंग्या म्हणतात, याचं नव्या गिऱ्हाइकांना नेहमी नवल वाटतं. कारण तो बोलतो इतकं हळू, की समोरच्याला काउंटरवर वाकावं लागतं. ‘आता खालची ओळ वाचा’ हेसुद्धा तो असं सांगतो, की शेजारी कुणाचं तान्हं झोपलंय असं वाटावं. पण जुनी माणसं त्याला भोंग्याच म्हणतात, आणि तो मुकाट्याने ओ देतो.

एके काळी हा माणूस रॉक बँडमध्ये गात होता. चौघे होते, गच्चीवर तालीम करायचे, आणि खालच्या मजल्यावरची माणसं आळीपाळीने वर येऊन भांडून जायची. म्हणून पहिल्या अल्बमचं नावच त्यांनी ठेवलं, ‘खालच्या मजल्यावरच्यांची माफी मागून’. रॉक म्हटलं की लोकांना केस आठवतात. यालाही होते, खांद्यापर्यंत. ते वयाने गेले, रीतसर. आवाज मात्र त्याच्या फार आधी गेला होता, आणि तो का गेला याचं एकच उत्तर त्याच्यापाशी होतं: मुळात नव्हताच. एकदा कसाबसा लागला, नेमका त्याच वेळी टेप चालू होती, बस्स.

तो अल्बम झाला टेपकाकांमुळे. टेपकाका रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी एक भलीमोठी ध्वनिमुद्रणाची मशीन आणून ठेवली होती, कुणीतरी भंगारात काढलेली. ती खटपट करून त्यांनी चालू केली होती आणि तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव टाकला होता. ‘माझी मशीन खोटं बोलत नाही,’ हे त्यांचं पालुपद. या चौघांना कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा काकांनी भिंतींना घोंगड्या ठोकल्या, दुकान चक्क आठवडाभर बंद ठेवलं आणि म्हणाले, ‘‘या पोरांनो. मशीन नुसती पडून राहिली की रुसते. वाजवा.’’ पैशाचं नाव काढलं तर ते खेकसायचे. वर काकू चहाची किटली भरून पाठवायच्या ते वेगळंच.

कॅसेट निघाली आणि गाजली. गावोगाव नव्हे, पण कॉलेजांच्या आवारात पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. त्यातही ‘लिफ्ट बंद आहे’ हे गाणं. त्याच्या शेवटी ‘वर’ हा एकच शब्द भोंग्या खेचतो, खेचतो, आणि ऐकणारा श्वास सोडायचा विसरतो. लोकांना तेच हवं असायचं.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. कार्यक्रमात लोक कुरकुरायचे, कॅसेटसारखं वाजत नाही, मजा नाही. गिटार वाजवणारा लांब्या मोठा काटेकोर. त्याने कॅसेट लावली, गिटार शेजारी धरली आणि निदान केलं: आपण अर्धा स्वर खाली वाजवतोय, रेकॉर्डिंगला वर होतो. मग त्याने तारा ताणून गिटार अर्धा स्वर वर चढवली. तारा पटापट तुटायला लागल्या. लांब्याने तारा विकणाऱ्या दुकानदाराशी भांडण काढलं. सगळा बँड वर चढला, आणि भोंग्याला त्यांच्या मागे चढावं लागलं.

काही महिने त्याने दामटून नेलं. मग एका मोठ्या कार्यक्रमात त्या शेवटच्या ‘वर’ला आवाज फाटला. फाटला म्हणजे काय, कोंबडं आरवल्यासारखा आवाज आला. भरलं मैदान हसलं. तो माइक ठेवून खाली उतरला तो पुन्हा चढलाच नाही. आपल्याच कॅसेटवरचा स्वर आपल्याला लागत नाही, याहून मोठी नाचक्की गाणाऱ्याला कुठली?

घसा सुजला होता. डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडायची बंदी केली. दवाखान्यात नावं लिहून घेणारी मुलगी होती, तिच्याशी तो चिठ्ठ्या लिहून बोलायला लागला. तब्येतीच्या चिठ्ठ्या लवकरच भलत्या वळणावर गेल्या. तिच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. बिनआवाजाच्या, बिननोकरीच्या, बायकांसारखे केस वाढवलेल्या पोराला त्या भल्या माणसाने काहीएक न विचारता भिंगं घासायच्या चाकाशी बसवलं आणि हात धरून काम शिकवलं. पुढे तेच सासरे झाले. ते आता नाहीत, पण त्यांचा फोटो दुकानात आहे आणि भोंग्या रोज शटर उघडल्यावर आधी त्याच्यावरची धूळ पुसतो.

संसार झाला, मुलगी झाली, ती शिकून नोकरीला लागली. घरात गाणं नव्हतं. कुठे ती कॅसेट वाजली तर तो काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. बायकोने त्याला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. तिने हट्टही धरला नाही. या सगळ्याबद्दल त्याची कुणाविषयी तक्रार नव्हती, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यावर दुसरा एखादा आयुष्यभर चडफडत बसला असता.

झालं असं की पस्तीस वर्षांनी कॅसेट काढणाऱ्या कंपनीला तो अल्बम नव्याने काढायची हुक्की आली. जुनी टेप साफसूफ करून, आवाज उजळून. ते काम एका तरुण इंजिनियर मुलीकडे होतं. तिने फोन करून भोंग्याला आणि लांब्याला बोलावून घेतलं. लांब्या आता पाण्याचे पंप विकतो आणि अजूनही तितकाच काटेकोर आहे. भोंग्याला जायचं जिवावर आलं होतं, पण पोरगी इतकी अदबीने बोलली की नाही म्हणवेना.

‘‘सर, आधी हे ऐका,’’ ती म्हणाली आणि तिने गाणं नाही, गाण्याआधीची शांतता लावली. त्या शांततेत बारीक गुंऽऽ होतं.

‘‘ही विजेची गुणगुण. वायरींमधून टेपवर उतरते. हिचा स्वर ठरलेला असतो, कुठेही जा, तोच. पण तुमच्या टेपवर हा अर्धा स्वर वर आहे. वीज काही वर जात नाही. म्हणजे ज्या मशीनवर हे भरलं ती किंचित सावकाश फिरत होती. मग कॅसेटच्या कारखान्यातल्या बरोबर मशीनवर टेप लावली, तेव्हा सगळंच पळायला लागलं. गाणं जलद झालं आणि आवाज वर चढला.’’

तिने गुणगुण तिच्या जागेवर आणून ठेवली आणि गाणं लावलं.

भोंग्या हातातला रुमाल चोळामोळा करत बसला होता, तो थांबला. हा आवाज भरलेला होता, रुंद होता. गच्चीवर वाऱ्यात उभं राहून गायचा तोच. शेवटचा ‘वर’ आला आणि गेला, आणि त्यात जीवघेणं काही नव्हतं. असा स्वर तो तेव्हा दात घासतानासुद्धा लावायचा. बोटं मोडत बसलेला लांब्या एकदम पांढराफटक पडला.

‘‘म्हणजे आपण बरोबरच वाजवत होतो,’’ लांब्या म्हणाला. ‘‘आणि मी गाढवाने... अरे, तुला मी चढवलं रे वर. मी!’’

‘‘गप रे,’’ भोंग्या म्हणाला.

मुलगी म्हणाली, ‘‘मी बरोबर वेगाने काढणार आहे. सोबत एक टीप छापावी लागेल, मूळ मशीनमध्ये दोष होता म्हणून. पण लोकांना जुना वेग पाठ आहे, कंपनी तोही ठेवायला तयार आहे. आवाज तुमचा आहे सर. तुम्ही सांगाल तसं.’’

खाली उतरताना लांब्याने नको तो प्रश्न विचारला. ‘‘टेपकाका आहेत अजून. ही टीप त्यांनी वाचली तर?’’

त्या दिवशी भोंग्याने दोन चष्म्यांत डावं भिंग उजवीकडे बसवलं. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, आणि बाई जी भडकली! ‘‘एका मशीनपायी? माणसाचं आयुष्य म्हणजे काय खेळ आहे? लोक हसले तुला! छापू दे टीप, मोठ्या अक्षरांत छापू दे.’’

‘‘अगं, ती मशीन नसती तर अल्बमच नसता. आणि घसा बसला नसता तर मी तुझ्या दवाखान्यात कशाला आलो असतो?’’

‘‘ते मला सांगू नकोस. मी तुला कुठेही गाठलं असतं.’’

पण रात्रभर कूस बदलून त्याने मनाशी पक्कं केलं. जुना वेगच राहू दे. आपल्याला कळलं, बायकोला कळलं, पुरे झालं. ज्या म्हाताऱ्याने फुकट दार उघडलं त्याला ऐंशी ओलांडल्यावर दोष दाखवायचा, इतका काही आपण कृतघ्न नाही. तरी त्यांना आधी भेटून यावं, अल्बम नव्याने निघतोय ही चांगली बातमी आपल्या तोंडून द्यावी, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो निघाला. बायको म्हणाली, मीही येते. तिचा चेहरा बघून तिने घरीच राहावं असं त्याला वाटलं, पण तिला थांबवण्याची त्याची कधीच टाप नव्हती.

टेपकाका वाळून काटकुळे झाले होते, पण डोळे लकलकत होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या खोलीत घोंगड्या नव्हत्या, मशीन मात्र होती, कापडाखाली. बातमी ऐकून म्हातारा लहान पोरासारखा हरखला.

‘‘ऐकव की मग! आणलं असशीलच.’’

भोंग्याने फोन काढला. इंजिनियर मुलीने दोन्ही पाठवलं होतं. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने जुन्या वेगाचं गाणं लावलं.

काका मान वाकडी करून ऐकत राहिले. कपाळावर आठ्या चढत गेल्या.

‘‘हा कोण गातोय?’’

‘‘मीच, काका. ही कॅसेटच आहे. तुम्ही ऐकली असेल ना तेव्हा?’’

‘‘मी कशाला कॅसेट ऐकू? माझ्याकडे माझी टेप आहे ना, त्याच आठवड्यात याच मशीनवर दुसऱ्यांदा भरलेली. हा तू नाहीस.’’ म्हातारा उठला, कपाटातून टेपचं चाक काढलं, मशीनवर चढवलं. ‘‘ही अजून ऐकतो मी. तुझी काकू गेल्यापासून तर बरेचदा. आणि दर वेळी वाटतं, एवढा भरदार गळा, आणि पोरगा म्हणतो मला गाता येत नाही म्हणून सोडलं. तेव्हा मला तुझा रागच आला होता.’’

मशीन फिरायला लागली. आणि खोलीत तोच आवाज आला, रुंद, खालचा, खरा. जिने सावकाश फिरून ते गाणं भरलं होतं, ती तितक्याच सावकाश फिरून ते परत देत होती. पस्तीस वर्षं जगात एकच माणूस भोंग्याचा आवाज जसा होता तसा ऐकत आला होता, आणि तो या खोलीत बसून.

बायकोने तोंडावर पदर धरला.

काका मात्र आता गाणं ऐकत नव्हते. जन्मभर दुरुस्त्या केलेला माणूस. त्यांची नजर फोनवरून मशीनवर गेली आणि तिथे खिळली.

‘‘माझी सावकाश फिरते,’’ ते म्हणाले. ‘‘आतलं चाक तुटलं होतं. नवं मीच लेथवर कातलं होतं. मापात केसभर बारीक राहिलं असणार.’’ टेप संपून फटफटत राहिली. ‘‘आणि तू ते गाणं वरच्या पट्टीत गात बसलास. म्हणून घसा गेला.’’

भोंग्याने खाली बसून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तो आता कुजबुजत नव्हता.

‘‘काका, ऐका माझं. आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा तुम्ही दुकान बंद ठेवलंत. मला वाटत होतं मला आवाजच नव्हता. होता, आणि तो तुम्ही सांभाळून ठेवलात. मला ही बायको मिळाली, सासरे मिळाले, हातात काम आलं. मी तुमच्यावर रागावू कुठल्या तोंडाने? मला तुमचे आभार मानायचेत आणि ते कसे मानायचे हेच कळत नाहीये.’’

‘‘मग बरोबर वेगाने काढा,’’ काका म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. ‘‘आणि छापा की चाक मी कातलं होतं. माझ्या हातचं काम आहे. लपवायचं कशाला?’’

‘‘छापतो. पण दोष हा शब्द नाही येणार त्यात. तेवढं माझं ऐका.’’

त्याने तिथूनच इंजिनियर मुलीला फोन केला आणि टिपेचा मजकूर सांगितला: ‘ध्वनिमुद्रण टेपकाकांचं. मशीन त्यांची, तिचं चाक त्यांनी कातलेलं, खोली त्यांची, चहा काकूंचा. आम्ही नुसते गायलो.’

‘‘चांगलं आहे,’’ बायको म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. ‘‘आता गा.’’

‘‘आता? अगं, माझा गळा...’’

‘‘गा म्हणते ना.’’

काकांनी टेप मागे फिरवून पुन्हा लावली आणि सवयीने पंखा बंद केला. भोंग्या उभा राहिला. सुरुवातीला आवाज घोगरा निघाला, दुसऱ्या ओळीत मोकळा झाला, आणि तिसऱ्या ओळीला वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. टेपवरचा तेवीस वर्षांचा पोरगा आणि हा अठ्ठावन्न वर्षांचा चष्मेवाला शेवटच्या ‘वर’पाशी एकदमच पोचले आणि तिथे थांबले. पोराचा श्वास आधी संपला. हा अजून गातच होता.