मधलं पान कुठे गेलं?

स्कूटीला चित्रांच्या पुस्तकांची पिशवी लावून मी मावळातल्या शाळांमधून गोष्टी वाचत फिरते. जाताना पिशवीत वीस पुस्तकं असतात, येताना वीस पुस्तकं आणि दोन-तीन किस्से! पुस्तकं कपाटात मावतात हो, किस्से कुठे ठेवायचे? त्यातून पुस्तक झाडाचं असेल, तर विचारूच नका!

*

बेडशाजवळची शाळा. पुस्तकात मुलगा आंब्याची कोय पुरतो आणि पान उलटलं की झाड आंब्यांनी लगडलेलं! दुसरीतली सानिका उठून उभी राहिली.

"ताई, हे आमच्या आबांना दावू नका."

"का गं?"

"सात वर्सं झाली आमच्या आंब्याला, अजून मोहर न्हाई. लय चिडतील!"

*

त्याच वर्गात भाताची गोष्ट वाचली. मुलगी बी पेरते, पाऊस पडतो, लगेच लोंब्या डोलतात.

"आवडली ना?"

"न्हाई! रोपं उपटून लावणी कुणी केली?"

मग पोरांनीच मधलं पान काढलं. चिखलात वाकलेली चौदा माणसं आणि बांधावर चहाची किटली! ते पान आम्ही पुस्तकात चिकटवलंय. आता कुठल्याही शाळेत पोरं तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळतात.

*

तळेगावातल्या सोसायटीत राहणाऱ्या पाच वर्षांच्या ओजसनं बी रुजण्याचं एक पुस्तक घरी नेलं आणि कुंडीत घेवड्याचं बी लावलं. पुस्तकात चौथ्या पानावर कोंब येतो. कुंडीत येईना, म्हणून हा पान उलटू देईना! आठ दिवस झाले, पोरगं रडकुंडीला आलं. आईला बघवेना. तिनं गुपचूप नर्सरीतलं रोप आणून खोचलं.

सकाळी ओजस म्हणाला, "आई, हे कोण? पुस्तकातल्या कोंबाला दोनच पानं आहेत, याला सहा!"

खरा कोंब त्यानंतर दोन दिवसांनी आला. मला फोन आला, तोही ओजसचाच. "ताई, पाचवं पान वाचू?"

*

वराळ्याजवळच्या एका शाळेत हिराबाई मावशी खिचडी शिजवतात. त्या दिवशी मी एका मुलीची गोष्ट वाचत होते. ती पिंपळाचं रोप लावते, पानापानाला दोघं वाढत जातात, शेवटी म्हातारी बाई त्याच पिंपळाखाली बसलेली. मावशी हातात डाव घेऊन दारात उभ्या होत्या.

"ताई, मागं पलटा की."

मी एक पान मागे आले. बाईचे केस काळे झाले.

"अजून मागं."

लुगड्याचा फ्रॉक झाला. पिंपळ गुडघ्याएवढा झाला. मावशी आत येऊन पोरांच्या रांगेत मांडी घालून बसल्या.

"आता हितंच ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात पोरं ओरडली, "मावशी, खिचडी!"

मावशी पुस्तकावरून नजर न हलवता म्हणाल्या, "थांबा रं! मी अजून लहान हाय!"