लाल दिसलं तरी पुढे जा

"वहिनी, वर लाल अक्षरं आली की घाबरायचं नाही. खाली 'पुढे जा' आहे ना, ते दाबायचं. बस, हो गया."

मंडळाचे सचिव काका माझ्या आईला समजावत होते आणि मी त्यांच्या मागच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. लाल दिसलं की गाडी थांबलीच पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी उभं आयुष्य नोकरी केली. आता ते गावभरच्या आयांना लाल ओलांडायला शिकवत होते.

रविवार सकाळ होती. महानगर नावाच्या वस्तीतल्या हॉलमध्ये मंडळाची वधू-वर नोंदणी चालू होती. लखनौत मराठी माणसं आधीच मोजकी, त्यात लग्नाची राहिलेली आणखी मोजकी, त्यामुळे छावणीपासून रेल्वे कॉलनीपर्यंत सगळ्यांचे अर्ज एकाच वेबसाइटवर जमा होतात. ती काकांनी स्वतः बनवली आहे. तिच्यावर अजूनही एक समई फडफडते. ब्राउझर तिला सरळ 'असुरक्षित' म्हणतो. यावर काकांनी काढलेला उपाय मंडळाच्या पत्रकात छापलेला आहे: "इशारा आल्यास सभासदांनी घाबरून न जाता 'पुढे जा' दाबावे."

मी एका छोट्या कंपनीत लोकांच्या वेबसाइट सांभाळते. हॉलमध्ये याचं भाषांतर 'ती कम्प्यूटरमध्ये आहे' असं होतं. म्हणूनच हॉलचं वायफाय बंद पडल्यावर काका माझ्याकडे आले होते. "बेटा, तुझं नेट सबको दे दे जरा." मी लॅपटॉपवरून दिलं. मी सहसा सगळं देते, फक्त बोलत नाही. मोठ्यांशी बोलायचं तर वाक्य आधी इंग्रजीत सुचतं, मग हिंदीत वळतं, आणि ते मराठीत येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

काकांना मी आठवडाभरापूर्वी फोन केला होता. तीन वाक्यं लिहून घेतली होती. पहिल्यालाच ते हसले. "अगं, आपल्या साइटवर चोरण्यासारखं आहे काय? आपण काय बँक आहोत?" मी "जी अंकल" म्हणून फोन ठेवला. उरलेली दोन वाक्यं अजून माझ्याकडेच होती.

चोरण्यासारखं काय होतं ते सांगते. माझी जन्मवेळ, पगार, फोन नंबर आणि छावणीतला आमचा क्वार्टर नंबर. बाबा फौजेत आहेत. ते सख्ख्या मामालाही फोनवर युनिटचं नाव सांगत नाहीत. घरातली कुरिअरची खोकी फेकण्याआधी पत्त्याचा कागद फाडून घेतात. त्याच घरातली बाई आता तोच पत्ता उघड्या वाटेने पाठवायला बसली होती, का तर मुलगी अठ्ठावीसची झाली.

उघडी वाट म्हणजे काय हे मला चौकात जाताना ई-रिक्षात कळलं. समोरचा माणूस फोनवर आधार नंबर, जन्मतारीख, घराची खूण असं सगळं खणखणीत आवाजात सांगत होता. रिक्षात आम्ही पाच जण. चोर कोणीच नसेल. पण उतरताना ते सगळ्यांना पाठ होतं. वरच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह नसलेली साइट अशी बोलते. मधल्या प्रत्येकाला ऐकू येतं. वर मधल्या एखाद्याच्या मनात आलं तर तो मजकूर बदलूही शकतो. एखाद्या इंजिनिअरचा वाटेत कंपाउंडर झाला तर मंडळ कोणाला जाब विचारणार? किंवा समईसकट हुबेहूब दुसरीच साइट समोर आली, तर आई तिथेही श्रद्धेने जन्मवेळ भरेल. कुलूप असलं की या तिन्ही गोष्टी अवघड होतात. ते फुकट मिळतं आणि लावायला अर्धा तास लागतो. अर्थात कुलूप वाटेला लागतं, पलीकडे अर्ज वाचणाऱ्या मंडळातल्या काकूंच्या तोंडाला नाही. त्यावर अजून काही निघालेलं नाही.

सगळा हॉल माझ्या नेटवर होता, म्हणजे सगळ्यांचे अर्ज माझ्या लॅपटॉपमधूनच पुढे जाणार होते. नेटवरून जाणारा-येणारा मजकूर दाखवणारं एक साधन मी उघडलं आणि त्याला फक्त आईचा फोन दाखवायला सांगितलं. बाकीच्यांची गुपितं मला नको होती. त्यातली निम्मी इथे पोह्यांबरोबर मिळतातच.

आईने लाल पाहिलं, काकांकडे पाहिलं, 'पुढे जा' दाबलं. थोड्या वेळाने अर्जही पाठवला. माझ्या पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या. मी कुठलाही पासवर्ड फोडला नव्हता, काही हुशारी केली नव्हती. मी नुसती मध्ये बसले होते.

मी काकांच्या बाहीला हात लावून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"नंतर, बेटा, नंतर. पोहे गार होताहेत."

अजून बारा-पंधरा आया रांगेत होत्या. पुढची बाई 'पुढे जा' शोधत होती. मी उभी राहिले. इंग्रजी, हिंदी काही मध्ये आलं नाही, कारण समोर होतं ते वाचायचंच होतं.

"उंची पाच फूट दोन," मी वाचलं. "वर्ण गव्हाळ. स्वभाव शांत व घरगुती."

हॉलमधले चमचे थांबले. आईने फोन छातीशी धरला, जणू अर्ज तिथूनच गळत होता.

"जन्मवेळ सकाळी सहा चाळीस. अपेक्षा: निर्व्यसनी, शक्यतो पुण्याचा. वजन चौपन्न." मी थांबले. "पुढे आमचा पत्ता आहे. तो मी वाचणार नाही."

पोह्यांच्या टेबलापाशी बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांनी आधी माझ्याकडे, मग काकांकडे पाहिलं. परेडवर बघतात तसं.

"अगं, हे तुझ्याकडे कसं आलं?" काका म्हणाले. त्यांचा हात आपोआप खिशातल्या डायरीवर गेला. साइटचा पासवर्ड त्या डायरीत असतो.

"तुम्ही 'पुढे जा' म्हणालात, म्हणून आलं, काका," मी म्हणाले. "डायरी द्या. पोहे संपेपर्यंत कुलूप लावते, तोवर कोणी काही भरू नका. आणि आई, वजन बासष्ट आहे."