कुंझुम खिंडीचा बेत, मुक्काम झाशी

प्रवासाचे किस्से प्रवास केल्यावर जमतात म्हणे. आमचं उलटं आहे. आम्ही अजून झाशीच्या बाहेर पडलो नाही आणि किस्से एवढे साठलेत की डिकीत सामानाला जागा उरायची नाही.

मंडळी मोजून पाच. मी आणि माझा नवरा विनय. विनयचे कारखान्यातले साहेब देशपांडे आणि त्यांची बायको नीता. पाचव्या म्हणजे जुन्या शहरात राहणाऱ्या सुधाकाकू. काकूंचं घराणं कितीतरी पिढ्या झाशीतलंच. वय सत्तर, गुडघे त्याहून थोडे मोठे. बेत असा की जूनमध्ये आमच्या गाडीने शिमल्याकडून चढायचं, स्पितीतून कुंझुम खिंड ओलांडायची आणि मनालीला उतरायचं.

यात माझा एक छोटासा स्वार्थ आहे. बेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. ती खिंड मला स्वतः गाडी चालवत ओलांडायची आहे. विनयला विचारलं की तो "बघू" म्हणतो. लग्नाला वीस वर्षं झाली, या "बघू"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

*

देशपांडे साहेबांना गाडी चालवता येत नाही, पण गाडीबद्दल सगळं येतं. ते तपासणी विभागात आहेत. तिथे प्रत्येक टप्प्याला इन्स्पेक्शन झाल्याशिवाय काही गेटबाहेर जात नाही. त्यामुळे आमच्या सहलीचाही तक्ता झाला. काम, जबाबदार व्यक्ती, शेरा.

मी माझं नाव शोधत गेले. चिवडा: मी. औषधं: मी. चार्जर: मी. काकूंच्या गरम पाण्याची पिशवी: मी. मग खाली आलं, ड्रायव्हर: विनय.

त्याच्याखाली अजून एक ओळ होती. ती मी मोठ्या आशेने वाचली. 'ड्रायव्हर दमल्यास: विनय, चहा घेऊन.'

*

हॉटेलं बघायचं काम नीताचं आणि माझं. तीन आठवडे आमचं रोज फोनवर बोलणं. काझाला दोन दिवस राहू या, हो राहू या. काझाच्या आधी एक मुक्काम, नंतर एक मुक्काम. सगळं जुळत होतं. इतकं जुळतंय म्हणजे काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग एक दिवस नीता म्हणाली की काकूंना बर्फ पहिल्यांदाच दिसणार, पण सुरुवातीलाच खिंड म्हणजे त्यांना त्रास नाही का होणार? मी म्हटलं, खिंड तर शेवटी आहे. ती म्हणाली, शेवटी तर शिमला आहे.

मी शिमल्याकडून चढत होते, ती मनालीकडून. काझा दोघींच्या मधोमध, म्हणून कुणालाच पत्ता नाही.

देशपांडे साहेबांनी दोन्ही कागद नीट तपासले आणि निकाल दिला, "दोन्ही प्लॅन करेक्ट आहेत. गाडी एकच आहे, एवढाच प्रॉब्लेम आहे."

*

नीताचं म्हणणं, लोकरीचे कपडे आयत्या वेळी काढून चालत नाही, आधी घालून बघायला हवेत. झाशीत मे महिना. बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आम्ही चौघं आमच्या बैठकीत जॅकेट, हातमोजे, माकडटोपी घालून बसलो. चेन लागते का, वाकता येतं का, हातमोज्यांतून चहाचा कप धरता येतो का. (नाही येत.)

त्याच दिवशी सकाळी मी कूलरवाल्या भैयांना निरोप दिला होता की कूलर अजिबात थंड हवा देत नाही, लगेच या. ते नेमके तेव्हाच आले. दारात थोडं थांबले. मग कूलरसमोर हात धरून बघितला, पाणी बघितलं, पंखा बघितला.

"भाभीजी, कूलर तो ठीक है," ते फार अदबीने म्हणाले. "आप लोग स्वेटर उतार के एक बार देख लीजिए."

*

निघायचा वार मंगळवार ठरला, कारण रजा तशीच मिळत होती. सुधाकाकू म्हणाल्या, मंगळवारी उत्तरेला जायचं नसतं, दिशाशूळ असतो. मग करायचं काय? प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आदल्या दिवशी चांगली वेळ बघून रुमालात तांदूळ, सुपारी आणि एखादं वस्त्र बांधायचं आणि ती पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. झालं, तुम्ही निघालात. मग मंगळवारी गाडीत बसलात तरी हरकत नाही.

गेल्या वर्षीही हाच बेत होता, तेव्हा काकूंनी हे केलंच होतं. सोमवारी देशपांड्यांच्या फडताळात प्रस्थान ठेवलं, त्याच रात्री बातमी आली की वर दरड कोसळून रस्ता बंद. बेत बारगळला. पुरचुंडीची आठवण कुणालाच राहिली नाही.

यंदाच्या प्रस्थानासाठी फडताळात जागा बघायला गेलो, तर जुनं तिथेच. काकूंनी ते हातात घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "अरे, म्हणजे आपण वर्षभर प्रवासातच आहोत की."

मला तेव्हापासून थकल्यासारखं का वाटतंय, ते कळलं.

*

शेवटी देशपांडे साहेबांनी चढाची टेस्ट ठरवली. झाशीत चढ म्हणजे रेल्वेचा पूल. म्हणून आम्ही बरुआसागरला गेलो. तिथे तळ्याच्या बाजूला साहेबांनी एक अरुंद, खडा चढ हेरून ठेवला होता. नियम असा: चढाच्या मध्ये गाडी थांबवायची आणि मागे न घसरता परत निघायचं. ज्याला जमेल, खिंड त्याची.

विनय पहिला. मध्ये थांबला, निघाला, हातभर मागे आला. पुन्हा तेच. साहेब चाकाखाली घालायला मागे दगड घेऊन उभे होते, ते पटकन बाजूला झाले.

मग मी. काकूंना चढवत नव्हतं आणि वरून तळं बघायचं होतं, म्हणून त्या माझ्या शेजारी बसल्या. मध्यावर साहेबांनी हात वर केला, तो मला दिसला. पण थांबायचं कसं हेच आठवेना. थेट वर गेले.

वर रस्ता संपला होता. एक अंगण, दोन म्हशी, खाटेवर बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळत घालणारी एक बाई. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बिन्नू, इतै तौ ट्रैक्टर तक नईं चढ़त." म्हणजे ताईने गाडी तिथे चढवली होती, जिथे ट्रॅक्टरसुद्धा चढत नाही.

गाडी वळवायला जागा नव्हती. सगळा चढ उलटा उतरायचा होता. बाकीचे धापा टाकत वर पोचले. साहेब म्हणाले की मी मध्ये थांबले नाही, म्हणून टेस्ट धरता येणार नाही. नीता म्हणाली की ती चालत उतरेल.

मी किल्ली काढून खिडकीतून विनयपुढे धरली.

त्याने किल्लीकडे पाहिलं. वाकून चढाकडे पाहिलं. मग मागचं दार उघडून आत बसला आणि बेल्ट लावला. गुडघे इकडे करून पाहिले, तिकडे करून पाहिले.

"इथे पाय मावत नाहीत गं," तो म्हणाला. "खिंडीत मी बसायचं कसं?"