शमीमच्या जबड्यातला आवाज

बसा, चहा उकळून राह्यला. तोवर माही एक फजिती ऐका, म्हणजे आम्हा मिस्त्री लोकायची अक्कल कितीक असते ते तुम्हाले समजन.

तवा नेरमध्ये माहं ऑईल इंजन दुरुस्तीचं दुकान होतं. इंजनाचा आवाज ऐकूनच मी सांगो, बेरिंग गेलं का व्हॉल्व. कधी चुकलो नाही.

माही पोरगी शमीम बारा वर्षांची. खालचा जबडा मागं, वरचे दात पुढं. हसताना तोंडावर हात ठेवे. नागपूरच्या दाताच्या डॉक्टरनं तिले कवळीसारखी एक गुलाबी पट्टी करून देली. ती घातली की खालचा जबडा पुढं ये.

डॉक्टर म्हणाले, "वाढीचं वय आहे, जबडा हळूहळू पुढे येईल. फक्त कानापाशी जबड्याचा सांधा असतो. तिथे दुखलं किंवा आवाज आला तर लगेच आणा."

आता आवाज म्हणजे माहंच काम. रोज जेवण झालं की पट्टी घालायच्या आधी मी शमीमजवळ कान नेऊन म्हणो, "बेटा, असं आऽ कर."

आधी काही नाही. मग एक दिवस आवाज आला. कट्.

"ऐकलं काय?" मी बायकोले विचारलं.

राबिया म्हणे, "मले तर काही ऐकू नाही आलं, जी."

"तुले कसं येईन? त्याले कान तयार लागते."

"दुखते काय गं, शमीम?"

"नाही, अम्मी."

"बेरिंग कुठं सांगते, दुखते म्हणून?" मी म्हटलं. "पट्टीनं सांधा घासून राह्यला."

पट्टी बंद केली. शमीम रडली. तरी दुसऱ्या दिवशी तिले घेऊन नागपूरची बस धरली.

डॉक्टरनं तिच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून तोंड उघडायले, मिटायले लावलं. "सांधा उत्तम आहे. आवाज नाही."

"साहेब, बोटानं नाही समजत," मी म्हटलं अन् तिच्याजवळ वाकलो. "बेटा, असं आऽ—"

कट्.

"हा पाहा, आला."

डॉक्टर माह्याकडं पाहत राहिले. "पुन्हा करा बरं."

शमीमनं तोंड उघडलं.

"तू नाही, बाळ. तू मीट. मिस्त्री, तुम्ही करा."

मी केलं. त्यांनी माह्या कानापुढं बोट ठेवलं. कट्.

"सुपारी किती खाता?" त्यांनी विचारलं.

शमीमनं पट्टी आपल्याच हातानं तोंडात बसवली अन् खुशाल हसत बसली. तिले डॉक्टरनं तीन महिन्यांनी बोलावलं.

मले, पुढच्या सोमवारी.