निळ्या टोपीचे सासरे

आमचं भांडण झालं त्या काळात आम्ही एकमेकांशी भांडत नव्हतो, हीच खरी अडचण होती. भांडायला निदान बोलावं लागतं. आम्ही मेल करत होतो. फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या घरात मी वरच्या खोलीत बसायचो, बायको खाली, आणि जिन्यातून "दूध संपलंय" अशी हाक मारण्याऐवजी ती मेल पाठवायची. विषयाच्या जागी ‘दूध’ लिहिलेलं असायचं. मीही सभ्य माणसासारखं उत्तर द्यायचो, ‘नोंद घेतली.’

२००५ सालचा उन्हाळा होता. माझा दोन वर्षांचा करार संपत आला होता, कंपनीने मला कायमची नोकरी देऊ केली होती आणि ऑगस्टअखेर उत्तर मागितलं होतं. बायको फिजिओथेरपिस्ट. पुण्यातल्या तिच्या जुन्या हॉस्पिटलने तिची जागा तोवरच राखून ठेवली होती. मला राहायचं होतं, तिला परत जायचं होतं. दोघांनी आपापलं म्हणणं एकदा सांगितलं, त्यात दोन-दोन शब्द जास्तीचे वापरले आणि बोलणं बंद झालं. तू तिकडे राहा, मी इकडे राहतो, इथपर्यंत मजल गेली होती. लग्नाला चारच वर्षं झाली होती. मला मनातून फार भीती वाटत होती, पण ती मेलमध्ये लिहायची सोय नव्हती.

अशा वेळी आपल्याकडची माणसं जे करतात तेच आम्ही केलं, घरातलं वडीलधारं माणूस बोलावलं. गंमत अशी की दोघांनी एकमेकांना न सांगता एकाच माणसाला बोलावलं. तिचे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मला वाटलं, जन्मभर बदल्या काढलेला माणूस लेकीला सांगेल, नवऱ्याचं पोस्टिंग असेल तिथे राहायचं असतं. तिला वाटलं, बाप आहे, येईल आणि घेऊन जाईल. मी तिकीट काढलं, तिने व्हिसाचे कागद पाठवले. आबांनी दोन्ही फोनवर एवढंच सांगितलं, "येतो."

आबा नोकरीच्या शेवटी एक वर्ष आंतरराष्ट्रीय शांतिसेनेत होते, आफ्रिकेतल्या एका देशात. तिथली यादवी नुकतीच थांबली होती, म्हणजे कागदावर थांबली होती. एका नदीवरच्या पुलावर यांची चौकी. पुलाच्या अलीकडे एक पक्ष, पलीकडे दुसरा. त्या वर्षाची निळी टोपी त्यांनी जपून ठेवली होती आणि ती घालूनच ते विमानतळावर उतरले. मला वाटलं थंडीसाठी घातली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे होते. बायको म्हणाली, "आबा, यांना विचारा, लिंबू हवंय का." एरवी ती मला ‘अरे तुरे’ करते, वडिलांसमोर मी ‘हे’ होतो. आबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आबा, तिला सांगा, नको." आबांनी सांगितलं. शेव, चहा, साखर असं तीनदा झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली.

"मी दुभाष्या नाही," ते म्हणाले. "तिथे दुभाष्याला वेगळा भत्ता होता."

मग त्यांनी दोघांना एकेकटं ऐकून घेतलं. मी बागेत खुर्ची टाकून त्यांना कंपनीचं पत्र वाचून दाखवलं, ते मान हलवत होते. बायकोने स्वयंपाकघरात पाऊण तास रडून सांगितलं, तिथेही मान हलवत होते. दुपारी आम्ही दोघंही आबा आपल्या बाजूने आहेत म्हणून खुशीत होतो. चार वाजता त्यांनी टोपी घातली, आम्हाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि नियम सांगितले.

रोज संध्याकाळी साडेसहा वाजता बैठक. प्रत्येकाला दहा मिनिटं. एक बोलत असताना दुसऱ्याने ब्रही काढायचा नाही. हत्यारं बाहेर जमा करायची. हत्यारं म्हणजे माझा लॅपटॉप आणि तिचा मोबाईल. मागच्या गणपतीच्या आधीचं काही उकरायचं नाही.

"तिथे दोन्ही बाजू आजोबांपासून सुरुवात करायच्या," आबा म्हणाले. "कुणाच्या आजोबाने कुणाचा बैल नेला. माझा आठवडा बैलातच गेला."

शेवटचा नियम लसणाचा. ऐकणाऱ्याने लसूण सोलत ऐकायचं. पुलावर ते यासाठी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ठेवायचे. हात रिकामे असले की माणूस ऐकत नाही, मनातल्या मनात उत्तर रचत बसतो, असं त्यांचं म्हणणं. इथे शेंगा मिळेनात, म्हणून शनिवारच्या बाजारातून त्यांनी लसणाची मोठी जाळी उचलून आणली.

पहिले पंधरा दिवस शांततेचं नाव नव्हतं, लसूण मात्र ढीगभर झाला. आबांनी त्याची चटणी केली, लोणचं केलं, आमटीला फोडण्या दिल्या. माझ्या शेजारी बसणारा डच सहकारी मनात काही ठेवणाऱ्यातला नव्हता. तो एका सकाळी म्हणाला, "तुझ्या अंगाला लसणाचा वास येतो," आणि आपली खुर्ची घेऊन खिडकीपाशी गेला. घरातल्या शांतता-प्रक्रियेचा हा परिणाम आहे हे त्याला इंग्रजीत कसं सांगणार?

आबांची एक वही होती. तीत रोजचा अहवाल फौजी इंग्रजीत लिहिला जायचा. बायको बोलत असताना मी एकदा नुसता उसासा टाकला, तर त्यांनी घड्याळ पाहून ‘१८:४१, जावयाकडून उल्लंघन’ अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी तिने पातेलं आपटलं, तेही नोंदलं गेलं. पोटच्या पोरीलाही सूट नव्हती. याचा तिला माझ्यापेक्षा जास्त राग आला.

मग आम्ही दोघंही लाचलुचपतीवर उतरलो. मी त्यांना भारी वॉटरप्रूफ जाकीट घेतलं आणि रविवारी आर्नहेमला रेल्वेने फिरवून आणलं. तिने दोन दिवस खपून मटणाचा तांबडा रस्सा केला. आबांनी जाकीट घातलं, रस्सा दोनदा वाढून घेतला आणि वहीत लिहिलं: ‘दोन्ही बाजूंकडून पाहुणचार. परिणाम नाही.’

"तुमचं तरी मत काय आहे, आबा?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मत छावणीत ठेवून यायचं असतं, जावईबापू," ते म्हणाले. "पुलावर नेलं की आपण तिसरी बाजू होतो."

मला ती शुद्ध पळवाट वाटली. बंदुका घेऊन उभं राहायचं, पगार घ्यायचा आणि कुणाचं खरं ते सांगायचं नाही, ही कसली शांतिसेना? हे मी माझ्या दहा मिनिटांत त्यांना ऐकवलंही. आबा शांतपणे म्हणाले, "शांतता आणायला आम्ही गेलोच नव्हतो. ती त्यांची त्यांनी आणायची. आम्ही मध्ये बसायचो. रागाच्या भरात पलीकडे जायचं तर आधी आम्हाला ओलांडावं लागायचं, तेवढ्यात राग जरा निवायचा." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुमची चार मिनिटं उरलीत."

ती चार मिनिटं मी घड्याळाकडे बघतच संपवली. माझे सगळे मुद्दे महिनाभरात संपले होते. तिचेही संपत आले होते. आणि मुद्दे संपल्यावरच खरं ते बाहेर येऊ लागलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिची बोलायची पाळी होती. मी सोलत होतो. ती म्हणाली, "पुण्याला जायचं असं नाहीये मला. मला इथे दिवसभर कुणी काही विचारतच नाही. दुकानात पिशवी हवी का विचारतात, तेवढंच. आठ वर्षं शिकून मी पेशंट चालते केले, आणि दोन वर्षं इथे पिशवी नको म्हणतेय. हे संध्याकाळी येतात आणि विचारतात, जेवायला काय आहे."

मी मान वर केली नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं. ते लसणाने येत नाही, कांद्याने येतं, हे टेबलाशी बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं. मला परत जायची भीती वाटत होती. तिथे माझ्यासारखे शेकड्याने होते. इथे निदान एका मशीनच्या एका कोपऱ्यातलं मला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळत नाही. आणि गल्लीतले लोक विचारतील, जमलं नाही का, ही दुसरी भीती. सगळं मिळून दोन मिनिटांत सांगून झालं. उरलेली आठ मिनिटं तिघांनीही लसूण सोलला, आबांनीसुद्धा.

त्यानंतर आम्ही दोघं जिन्यात बसून बोललो. मेल थांबले. करार ठरला तो असा: कायमची नोकरी नाही, फक्त दोन वर्षं वाढवून घ्यायची. इकडे पुष्कळ बाप आठवड्यात चारच दिवस काम करतात. आम्हाला मूल नव्हतं, तरी मी बुधवारची सुट्टी मागायची आणि स्वयंपाक करायचा. तिने पूर्ण वेळ डच शिकायचं आणि आपल्या डिग्रीच्या मान्यतेच्या मागे लागायचं. दोन वर्षांत जमलं नाही तर गुपचूप पुणे, माझ्याकडून एकही प्रश्न नाही. आबांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, आमच्या सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणून सही करण्याआधी त्यांनी लेकीला एकदाच विचारलं, "नक्की ना, पोरी?" ती हो म्हणाली. त्यांनी सही केली, वेळ टाकली आणि आठवडाभराने निळी टोपी घालून विमानात बसले.

डिसेंबरमध्ये आम्ही सुट्टीवर गेलो. आबा हडपसरला माजी सैनिकांच्या सोसायटीत एकटे राहतात. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. घराकडे पाहिलं तर वर एक आख्खा मजला चढलेला. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, नवा ओटा. खाली रस्त्याच्या बाजूची खोलीही नवी काढलेली आणि तिच्यात भिंतीला लागून पेशंटला झोपवायचं उंच टेबल, रेक्झिन अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"हे कधी केलंत?" बायकोने विचारलं.

"झालं असंच. भाडेकरू बघतोय," आबा म्हणाले.

शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "अहो, एप्रिलमध्येच पुरं झालं. गवंड्याच्या उरावर बसून करून घेतलं यांनी. म्हणाले, लेक-जावई येतायत परत, घेऊनच येतो."

मी हिशेब केला. एप्रिलमध्ये मजला बांधून झाला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आमच्या टेबलाशी बसून घड्याळ लावत होते. तीन महिने. त्यांच्या तोंडून या घराचा उल्लेखही नाही. आणि मी त्यांना पळवाट काढणारा म्हणालो होतो. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

बायको त्या टेबलाच्या प्लास्टिकवर हात ठेवून उभी होती. "आबा," ती म्हणाली, "एक शब्द बोलला असतात तर मी आले असते."

"ठाऊक होतं," आबा म्हणाले. "म्हणूनच नाही बोललो."